गादीची पाठवणी

कुठलाही रकाना रिकामा सोडू नका, असं मी गेली एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे. पडघ्याच्या एका हायस्कूलमध्ये मी वरिष्ठ लिपिक आहे. दाखला पाहिजे, कारण लिहा. रजा पाहिजे, कारण लिहा. कारण नसेल तर घरी जा आणि कारण घेऊन या. माझ्या या शिस्तीमुळे मुख्याध्यापकसुद्धा माझ्या टेबलाशी येताना जरा खाकरून येतात. आणि तोच मी, गावात ज्याला सगळे भाऊसाहेब म्हणतात तो, एका गोडाऊनच्या गेटवर दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन हातात धरून पाच मिनिटं नुसता उभा होतो. रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, मोबाइल नंबर लिहिला, आत येण्याची वेळ लिहिली. पुढचा रकाना होता ‘कामाचे कारण’. तिथे घोडं अडलं.

मागे ट्रकवाल्यांची रांग लागली होती. “लिखो अंकल, जल्दी,” सिक्युरिटीवाला म्हणाला. माझ्याच वयाचा, मिशा मेंदीने लाल केलेला माणूस होता. मी मनाचा हिय्या केला आणि लिहिलं, ‘गादी’.

त्याने वाचलं. मग मला वरपासून खालपर्यंत वाचलं.

“गादी लेने आए हो?”

“नाही.”

“देने?”

“नाही.”

“फिर?”

“बघने को,” मी म्हणालो. माझं हिंदी भिवंडीचं आहे. ते गरजेपुरतं चालतं, पण अपमानाच्या वेळी साथ देत नाही. “और उसको थोडा तांदूळ लगाने का है.”

मला वाटलं, आता ओळख पटवून द्यावी. मी छाती काढून सांगितलं, “ये जमीन हमारी थी. इधर हमारा आंब्याखालचं खाचर था.”

“यहाँ सब यही बोलते हैं अंकल,” तो म्हणाला, आणि त्याने मला हाताने बाजूला करून मागच्या ड्रायव्हरला पेन दिलं.

हे खरंच आहे, आमच्या भागात सगळे हेच म्हणतात. सोळा वर्षांपूर्वी आम्ही ते खाचर गोडाऊनला दिलं. ज्या बांधावर बसून मी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत भाकरी खाल्ली, तिथे आता आडवा दांडा पडतो आणि उठतो, आणि तो माझ्यासाठी उठला नाही. पण ही गादीची काय भानगड आहे, ते आधी सांगायला हवं.

माझी धाकटी मुलगी मृणाली हिला नागपूरच्या एका औषध कंपनीत, प्रयोगशाळेत नोकरी लागली. तेवीस वर्षांची पोरगी. आनंदाची गोष्ट. मी पेढे वाटले, शाळेत आठ दिवस टाइट कॉलरने फिरलो. आणि नवव्या दिवशी टेबलाशी बसलो असताना एकदम लक्षात आलं, की ती जाणार आहे. नोकरी लागणं आणि जाणं हे एकाच बातमीचे दोन भाग आहेत, हे मला कोणी स्पष्ट करून सांगितलंच नव्हतं.

मुलगी लग्न होऊन जाते तेव्हा बापाचं काम ठरलेलं असतं. आधी धावपळ करायची, मग कोणातरी रुसलेल्या मामाच्या पाया पडायचं, आणि शेवटी गाडीचं दार उघडलं की रडायचं. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, खांद्यावर हात ठेवायला मेहुणा शेजारी उभा. नोकरीला निघालेल्या मुलीच्या बापाने नेमकं कधी रडायचं, याबद्दल कुठेही काही नियम नाही. मी चौकशी केली. आमचे शेजारी लडकूभाऊ, ज्यांचा जन्म भिवंडीतल्या पॉवरलूमवर जॉबरकी करण्यात गेला, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करण्यात, ते म्हणाले, “रडायचा कशाला? पोर ड्युटीवर चाललीय. ड्युटीवर जानाऱ्याला कोन रडतं?” दुसरे शेजारी काळूराम. यांचं गोडाऊनला कामगार पुरवण्याचं काम आहे, आणि पांढऱ्या शर्टाला ते कधी डाग लागू देत नाहीत. ते म्हणाले, “भाऊसाहेब, तुमचा भावेश पुण्याला गेला तवा तुमी स्टँडवर पन न्हवते आले.”

हे त्यांनी चारचौघांत बोलायची गरज नव्हती. पण खरं होतं. माझा मुलगा भावेश गेला तेव्हा शाळेत दहावीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. मला काही वाटलं नाही, कारण भावेशच्या मागे घरात मृणाली होती. मृणालीच्या मागे कोणी नव्हतं. एवढं मला कळत होतं. त्याचं पुढे काय करायचं असतं, ते कळत नव्हतं. मग मी, ज्याला काही सुचत नाही असा कुठलाही गृहस्थ जे करतो तेच केलं. मी सामानात लक्ष घातलं.

तिच्या नागपूरच्या खोलीत कॉट होती, गादी नव्हती. मी म्हटलं, “तुझी कापसाची गादी पिंजून देतो, घेऊन जा. लहानपणापासून तिच्यावर झोपतेस.”

“पप्पा, ट्रॅव्हल्समध्ये गादी घेऊन कोण जातं?” मृणाली म्हणाली. आणि तिने मोबाइलवरून नवी गादी मागवली, थेट नागपूरच्या पत्त्यावर. मागवली माझ्या मोबाइलवरून, कारण तिच्या मोबाइलमध्ये जागा नव्हती. मुलांच्या मोबाइलमध्ये जागा कधीच नसते. आमच्यात भरपूर असते, कारण त्यात काय ठेवायचं ते आम्हाला माहीत नसतं.

दुसऱ्या दिवशी मला मेसेज आला, की तुमची वस्तू पॅक झाली आहे. खाली नकाशा होता आणि नकाशावर एक लाल ठिपका. मी चष्मा पुसून पाहिलं. ठिपका आमच्या मोरीच्या मागे होता. म्हणजे आंब्याखालच्या खाचरात. अख्ख्या देशाचा साबण, टीव्ही आणि बाळांचे लंगोट आमच्या भिवंडी तालुक्यात येऊन पडतात आणि इथून जिकडेतिकडे जातात, हे मला माहीत होतं. पण माझ्या मुलीची गादी माझ्याच शेतात येऊन पडली आहे आणि मला न भेटता परस्पर नागपूरला चालली आहे, हे मनाला लागलं.

तरी मी गप्प बसलो असतो. पण माझी आत्या, ठकुबाई, पोरीला घालवायला म्हणून दिघाशीहून येऊन राहिली होती. वय ऐंशीच्या पुढे, कान तल्लख, आवाज त्याहून.

“पोरीची गादी आली का रं दवलत?”

“ती परस्पर जाणार आहे, आत्या.”

“परस्पर? हलद न्हाय, कुकू न्हाय, मूठभर तांदूल न्हाय, आनि परस्पर?” आत्याने हातातली तंबाखू खाली ठेवली. “माज्या गादीच्या कोपऱ्यात तुज्या आज्यानं सोताच्या हातानं घरचं तांदूल घातलं हुतं. म्हनून परक्या घरात पयल्या दिवसापासनं झोप लागली मला.”

“आत्या, ते लग्नाचं असतं. मृणाली नोकरीला चाललीय.”

“मंग झोप काय लगीन झालेल्यालाच लागतंय? नोकरीवालीला लागत न्हाय?”

एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासमोर अनेक अडचणीचे अर्ज आले, पण असा बिनतोड प्रश्न आला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी रुमालात तांदूळ बांधून त्या गेटवर उभा होतो, आणि तिथे काय झालं ते तुम्हाला सांगितलंच.

गेटवरून तोंड पाडून परत येताना काळूराम भेटले. म्हणाले, “अहो, आत कशाला जाता? सिस्टम हाय. मोबाइलवर पत्ता बदला, गादी चालत घरी येईल. लावा हलद आनि द्या पोरीबरोबर. रोल असते ती, मृदुंगाएवढी.”

मला ते पटलं. मृणालीला सांगितलं नाही. चांगल्या कामाची वाच्यता आधी करू नये. मी नागपूरचा पत्ता खोडला आणि आमचा घातला. मोबाइल थोडा वेळ फिरला आणि म्हणाला, की या पत्त्यावर ही वस्तू पोहोचवता येत नाही. मी पुन्हा घातला. पुन्हा तेच. नागपूरला येते, गोंदियाला येते, गोडाऊनच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या घरात येत नाही. मी कस्टमर केअरला फोन लावला. तिकडच्या बाईंनी विचारलं, तुमच्याजवळची ठळक खूण सांगा. मी म्हटलं, तुमचंच गोडाऊन. त्या म्हणाल्या, सर, ते सोडून दुसरी काही?

शेवटी काळूरामांच्या पडघा बाजारातल्या ऑफिसचा पत्ता चालला. आणि गादी निघाली. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या शेडमधून ती बुधवारी बाहेर पडली आणि थेट मुंबईकडे गेली. गुरुवारी ती मुंबईहून नाशिकच्या वाटेला लागली, म्हणजे आमच्या घरासमोरून हायवेने पुढे गेली. शुक्रवारी नाशिकमध्ये तिने मुक्काम केला. शनिवारी दुपारी परत फिरून पडघ्याला आली. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. इतका प्रवास माझ्या हयातीत माझ्या घरातल्या कोणी केला नव्हता.

शुक्रवारीच मृणालीने माझा मोबाइल पाहिला. “पप्पा! गादी नाशिकला काय करतेय? आणि पत्ता काळूरामकाकांचा?”

मी सगळं सांगितलं. आत्याने मध्ये मध्ये दुजोरा दिला. मृणाली रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती माझ्या समोर बसली आणि शांतपणे म्हणाली, “पप्पा, तुम्हाला नक्की काय पाहिजे?”

हाही रकाना मी रिकामाच सोडला. म्हणालो, “काही नाही. तांदूळ.”

शनिवारी दुपारी काळूराम स्वतः स्कूटरवर गादी घेऊन आले. खरंच मृदुंगाएवढी होती, प्लॅस्टिकमध्ये करकचून आवळलेली. रविवारी संध्याकाळी पाचला नागपूरची ट्रॅव्हल्स पडघ्याच्या नाक्यावर थांबणार होती. सगळं वेळेत होतं. हॉलमध्ये पाट मांडला, माझी बायको सुकन्या हळद-कुंकवाचं तबक घेऊन आली, लडकूभाऊ आणि काळूराम साक्षीला. रोलवर सूचनांचा कागद चिकटवलेला होता. कागद दिसला की तो मोठ्याने आणि क्रमाने वाचणं हा माझा स्वभाव आहे. मी चष्मा लावला.

“सूचना क्रमांक एक,” मी वाचलं. “रोल ज्या पलंगावर कायमचा वापरायचा आहे, त्याच पलंगावर नेऊनच—”

आणि फुस्स्‌ असा आवाज झाला. तांदूळ आत, कोपऱ्यात घालायचे असतात, बाहेरून नाही, या मुद्द्यावर आत्या ठाम होती. ती विळीसह क्रमांक चारपर्यंत, म्हणजे प्लॅस्टिक कापण्यापर्यंत, पोहोचलीसुद्धा होती.

पुढे जे घडलं ते इतक्या सावकाश घडलं, की सगळ्यांना पळायला वेळ होता, पण कोणी पळालं नाही. गादी उलगडली. मग फुगली. पाट ढकलला, तबक उपडं केलं, टीपॉय सोफ्याला नेऊन टेकवला, आणि अर्धा हॉल व्यापून ती सुस्कारा टाकून पडली. आत्याने शांतपणे कोपऱ्याची चेन उघडली, आत मूठभर तांदूळ सोडले, आणि म्हणाली, “आता बांदा परत.”

बांधा! सूचना क्रमांक सहा अशी होती, की एकदा उघडलेली गादी पुन्हा रोल करता येत नाही. ती मी वाचून दाखवली, पण तोवर माझ्या वाचनावरचा लोकांचा विश्वास उडाला होता. मग सल्ले सुरू झाले. काळूराम म्हणाले, वजन टाका. वजन म्हणून ते स्वतः, मी आणि शेजारचे चार जण गादीवर बसलो. आम्ही उठलो की तीही उठायची. कोणी म्हणालं सायकलचा पंप उलटा लावा. शेवटी लडकूभाऊ पुढे झाले. “लूमच्या बीमवर सूत गुंडालतात तशी पायपावर गुंडाला. तीस वर्सं हेच केलंय.” पाण्याचा एक जुना पाइप आणला. त्यावर गादी गुंडाळली. लडकूभाऊ “ताण! ढिला सोडू नको! ताण!” असं ओरडत होते आणि मृणाली सोफ्याच्या कडेला बसून पोट धरधरून हसत होती. ती अशी हसलेली मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. मलाही हसू येत होतं आणि उद्या ती इथे नसेल, हेही आठवत होतं. दोन्ही एकदम कसं होतं ते मला समजेना, म्हणून मी दोरीची गाठ मारण्यात लक्ष घातलं.

रविवारी साडेचारलाच आम्ही नाक्यावर. मृणाली, तिच्या दोन बॅगा, सुकन्या, आत्या, आणि टेम्पोतून उतरवलेली, पाण्याच्या टाकीएवढी जाड झालेली गादी. मी ठरवलं होतं, की बस आली की आधी गादी चढवायची, मग मृणालीला बाजूला घेऊन दोन शब्द बोलायचे. शब्द तयार होते. रात्री पाठ केले होते.

बस आली. क्लीनरने खाली उडी मारली आणि विचारलं, “ये क्या है? अंदर आदमी है क्या?”

“गादी है.”

“डिक्की फुल है. टप पे अलाउड नहीं. आदमी बैठाओ, गादी छोड़ो.”

मी त्याला समजावू लागलो. मी सांगितलं की मी शाळेतला वरिष्ठ लिपिक आहे, सामानाचा नियम दाखवा. तो म्हणाला, दो मिनिट. मी डिक्कीत स्वतः जागा करतो म्हणून गादी उचलली, आणि लडकूभाऊंच्या हयातभराच्या अनुभवाने ताणलेली ती दोरी तटकन तुटली. गादीने रस्त्याच्या कडेला, माझ्या अंगावर, आपला मूळ स्वभाव दाखवला. ती हायवेवर जाऊ नये म्हणून मी तिला दोन्ही हातांनी कवटाळून उभी धरली. समोर फक्त पांढरं कापड. मागे ट्रकचे हॉर्न. आणि कुठूनतरी मृणालीचा आवाज, “पप्पा, येते हां!”

मी गादीच्या मागून ओरडलो, “सावकाश ये!” जाणाऱ्या माणसाला सावकाश ये म्हणालो. दार आपटल्याचा आवाज आला, बस सुटल्याचा आला. गादी बाजूला करून पाहिलं तेव्हा नाक्यावर सुकन्या डोळे पुसत होती आणि आत्या रस्त्याकडे बघून हात हलवत होती. मृणाली मला दिसलीच नाही.

घरी आल्यावर सुकन्याने तोंड धुतलं, चहा टाकला, आणि आंघोळीचं विचारावं तसं सहज विचारलं, “मी रडले बाई, मोकळी झाले. तुमचं झालं का?”

“कधी होणार?” मी म्हणालो. “हातात गादी होती.”

ती गादी मृणालीच्या पलंगावर, तिच्या कापसाच्या गादीवर चढवली. आधीच घर रिकामं वाटत होतं आणि त्यात ही बया सगळी खोली भरून पडली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. इथे व्याहीसुद्धा नव्हता. आणि तिकडे माझी मुलगी मैत्रिणीची सतरंजी अंथरून जमिनीवर झोपत होती. फोनवर म्हणायची, “चालतं पप्पा, पाठीला चांगलं असतं.” लहानपणी कापसाच्या गादीत एक गाठ आली तरी पिंजाऱ्याकडे जायला लावणारी ही पोरगी. मी तिला काही द्यायला गेलो आणि होतं तेही काढून घेतलं, असं माझ्या मनाने घेतलं. मी शाळेत एका पालकाचा अर्ज कारण नसताना मंजूर केला. मुख्याध्यापकांनी मला बरं आहे ना म्हणून विचारलं.

आठव्या दिवशी मृणालीने पुन्हा गादी मागवली, या वेळी स्वतःच्या मोबाइलवरून, जागा करून. मला मेसेज पाठवला, “पप्पा, गंमत बघा. ही पण आपल्या पडघ्यातूनच. आज निघणार. प्लीज, या वेळी काहीही करू नका.”

मी काहीही करणार नव्हतो. नुसता अर्धा दिवस रजा टाकली. आत्या अजून मुक्काम ठोकून होती. तिने न विचारता रुमालात तांदूळ आणि हळद-कुंकवाची पुडी बांधून दिली. “तवा आत घातलं ते चुकलंच,” ती म्हणाली. चूक कबूल करणारी आत्या मी पहिल्यांदा पाहिली. “वरनं टाक नुसतं. पोचतं.”

गेटवर तोच लाल मिशांचा. मला पाहून त्याने कपाळाला हात लावला आणि रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, नंबर, वेळ. कामाचे कारण. या वेळी पेन थांबलं नाही. मी लिहिलं, ‘मुलगी’.

“लड़की अंदर काम करती है?”

“नाही. गई. नागपूर को.” आणि मग मी थांबलोच नाही. “मेरी छोटी लडकी है. उसको नोकरी लगी. उसकी गादी आज इधर से जानेवाली है. वो गई तब मेरे को दिखीच नहीं, मेरे हाथ में गादी थी. दूसरी. अंदर नहीं जाने का मेरे को. खाली गाडी को तांदूळ डालने का है.”

त्याला यातलं किती समजलं मला ठाऊक नाही. माझं मलाच सगळं समजत नव्हतं. तो केबिनमध्ये गेला आणि आपली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला. “नागपूर की गाड़ी साढ़े तीन को निकलेगी. अंदर नहीं छोड़ सकता. इधर बैठो.” मी बसलो. आंबा होता तो साधारण तिथेच असावा. त्याने चहा मागवला. “मेरी भी तीन हैं,” एवढंच म्हणाला.

साडेतीनला लांबलचक ट्रक आला. लाल मिशांनी दांडा पाडला आणि ड्रायव्हरला हाताने थांब म्हटलं. मी उठलो. पुढच्या बाजूला, लिंबू-मिरचीच्या शेजारी, हळद लावली, कुंकू लावलं. बंपरवर तांदूळ ठेवले. आणि एवढं झाल्यावर बाजूला व्हायचं, तर पाय हलेनात. पाठ केलेले दोन शब्दही आठवेनात. मी त्या ट्रकच्या तोंडावर हात ठेवून उभा राहिलो आणि रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो, बापाने जसं रडायचं असतं तसं.

मागे पाच-सहा ट्रक तुंबले होते. हॉर्न सुरू झाले. लाल मिशांचा मागे धावत गेला. “हॉर्न मत बजाओ! अंकल की बेटी की विदाई है!”

हॉर्न बंद झाले. एकेक इंजिन बंद झालं. कोणीतरी पाण्याची बाटली आणून दिली. एकाने विचारलं, दूल्हा किधर है, त्याला दुसऱ्याने गप्प केलं. ड्रायव्हर खाली उतरला, चपला काढून त्याने बंपरवरचे दोन दाणे कपाळाला लावले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मेहुण्यानेसुद्धा इतका बेताने ठेवला नसता. “टेन्शन नहीं लेने का अंकल. एकदम आराम से लेके जाऊँगा. ब्रेक भी नहीं मारूँगा.”

“ब्रेक मार बाबा,” मी म्हणालो.

ट्रक हायवेला लागेपर्यंत मी हात हलवत होतो. मग डोळे पुसले, रजिस्टरमध्ये बाहेर जाण्याची वेळ लिहिली, आणि मोबाइल वाजला. मृणाली.

“पप्पा, आत्ता मेसेज आला. गादी आज गेलीच नाही. उद्याच्या गाडीने निघणार म्हणे.”

मी हायवेकडे बघितलं. तो ट्रक काय घेऊन गेला देव जाणे. साबण असेल, लंगोट असतील. लाल मिशांनी विचारलं, क्या हुआ? मी सांगितलं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. मग रजिस्टरचं पान उलटलं, वर उद्याची तारीख टाकली, माझं नाव लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात आपल्या हाताने लिहिलं, ‘बेटी की विदाई’. “कल साढ़े तीन. टाइम पे आना.”

फोन चालूच होता. “पप्पा, तुम्ही गेटवर आहात?” मृणाली म्हणाली. “पप्पा, रडताय तुम्ही?”

“आजचं झालं माझं,” मी म्हणालो. “आता उद्या.”

मला वाटलं हसेल. पण तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“उद्या मला व्हिडिओ कॉल लावा,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी बसमधून मागे वळून वळून बघत होते. तुम्ही दिसलातच नाहीत. नुसती गादी दिसत होती.”